ओशहून निघताना

तू विचारलंस, मृण्मयी, सोबत काय काय घ्यायचं.
लिहून घे.

सुटे सोम. हजाराची नोट पहाटे सहाला
बाजारात कुणी मोडून देत नाही.
लोकरी टोपी, जुलै असला तरी.
डोकेदुखीच्या गोळ्या. खिंड उंच आहे.
पोटाला बांधायचं ते पैशांचं पाकीट नको,
भाडं देताना सगळ्या स्टँडसमोर सदरा वर करावा लागतो.

टॅक्सी भरल्याशिवाय सुटत नाही.
कधी सुटणार, हे विचारू नकोस.
मी तीनदा विचारलं.
ड्रायव्हर कुबात तिन्ही वेळा म्हणाला, आत्ता.
आपल्याकडचंच ते आत्ता,
ऐकून बरं वाटलं, आणि तासभर काही हललं नाही.

चौथी सवारी आली ती काच घेऊन.
बुरुलसुन आपा. फुलाफुलांचा रुमाल, वरचे दोन दात सोन्याचे.
खिडकीची काच, दोन हात लांब, दीड हात रुंद,
कडांना जुन्या पोत्याच्या पट्ट्या शिवलेल्या.
टपावर पिठाची पोती होती.
डिकीत मेंढा होता, जिवंत, आणि त्याचं काही म्हणणं होतं.
म्हणून काच आमच्या मांडीवर आली:
आपा, मधे तिचा नातू एर्निस्त, आणि मी.
सहा हात, एक काच.
पुढच्या सीटवरचा माणूस टोपी नाकावर ओढून झोपला होता,
शहाणा.

गुल्चोपर्यंत काचेत गाडीचं फाटकं छत दिसत होतं.
मग रस्ता वळायला लागला
आणि दर वळणाला एकेक डोंगर
आमच्या मांडीवर येऊन जाऊ लागला.
पोराचं नाक खाजलं, तर आजीने
वाकून आपल्या खांद्याने खाजवून दिलं.
हात कुणी सोडला नाही.
माझे पाय मेले होते. मेंढा गप्प झाला होता.

ताल्दिकची खिंड ओलांडली, खाली उतरलो,
आणि समोर पामीर,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरा,
कुणी आधी सांगितलंच नव्हतं एवढा.
मी एक हात सोडला.
फोन खिशातून अर्धा बाहेर आला असेल नसेल,
खड्डा.

सुपारी फुटावी एवढाच आवाज.

कुबातने आरशात पाहिलं. कुणी बोललं नाही.
आपाने काचेकडे पाहिलं, मग बाहेर डोंगरांकडे,
मग माझ्याकडे, आणि काहीतरी म्हणाली.
एर्निस्तने शाळेतलं इंग्रजी जुळवत सांगितलं,
आजी विचारते, फोटो आला का?

आला होता. माझा अंगठा, आणि मागे थोडं ऊन.

सारी-ताशला तिच्या घरात चौकटीला प्लास्टिक ठोकलेलं होतं,
वाऱ्याने सारखं फडफडणारं.
जावयाने काच फिरवून फिरवून पाहिली,
तडा खाली घेतला, डाव्या कोपऱ्यात.
मी पैसे पुढे केले.
तिने माझ्या त्याच हातात चहा दिला.

हेही लिही: चहा अर्धाच ओततात.
अर्धा म्हणजे बस, अजून मिळेल.
काठोकाठ भरला तर समज, उठायची वेळ झाली.
नान उपडा ठेवू नकोस. खाली तर मुळीच नाही.
निघताना दारात नान समोर धरतात, पोट तट्ट भरलेलं असलं तरी
तुकडा तोडायचा, तोंडाला लावायचा.
आपण हातावर दही ठेवतो, तसं काहीसं,
फक्त इथे चावावं लागतं,
आणि माझ्या घशाखाली तो लवकर उतरला नाही.

मोजे, तीन जोड.
मेंढ्याचं काय झालं ते विचारू नकोस, रात्री जेवायला होता.
फोन पिशवीत तळाशी ठेव.

गावाच्या टोकाला, शेवटून दुसरं घर, दार निळं.
गेलीस तर खिडकीचा डावा कोपरा बघ.
काच बदललेली असली
तर मला कळवू नकोस.